कर्ज तेवढंच होतं

मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागल्या की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : शेतकऱ्याला समुपदेशन नको, भाव पाहिजे. हे वाक्य रागातून येतं आणि तो राग खरा आहे. २०२२ च्या सुरुवातीला क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस पुढच्या हंगामात सात-आठ हजारांवर आला. दर पुन्हा चढेल या आशेवर कितीतरी घरांत कापसाच्या गंज्या उन्हाळ्यापर्यंत पडून राहिल्या, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, तरी दर हलला नाही. २०२३-२४ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. बियाण्याची बॅग, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी यांचा हिशेब ज्याला येतो त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

त्या वाक्यातला भावाचा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. समुपदेशनाचा भाग मान्य नाही, कारण ते मी घेतलेलं आहे.

माझी शेती मानवत तालुक्यातच आहे. कापूस, सोयाबीन, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन मिळालं तर थोडा हरभरा. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. सोयाबीन फुलात असताना माना टाकू लागलं. त्याच सुमारास मी बोलायचा थांबलो. कोणी काही लागट बोललं, भांडण झालं, असं काही नव्हतं. रात्री तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत छतावरचे पत्रे मोजत पडायचं. आखाड्यावर गेलो तर बाजेवर बसून राहायचो. बैल दावणीला हंबरायचे, पाणी दाखवायचं आहे हे कळायचं, पण हातपाय उठायचे नाहीत. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, म्हणून तो बंदच ठेवू लागलो. दुःख झालं असतं तर मी रडलो असतो. मला काहीच वाटत नव्हतं, लेकीनं बारावीची शिकवणी लावली ते सांगितलं तेव्हासुद्धा.

माय म्हणाली, "ह्याला बाहेरचं झालंय. पुसायला पाहिजे." शेजारच्या गावात एक पुसणारा आहे, दर अमावस्येला तिथं गर्दी असते. पण माझे वडील कधी नव्हे ते चढ्या आवाजात बोलले. मानवत म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट आठवते : १९७२ ते १९७४ या काळात इथं झालेले बायका-मुलींचे खून आणि त्यांच्याशी जोडलं गेलेलं गुप्तधनाचं, नरबळीचं नाव. अलीकडे त्यावर वेबसिरीजही आली. वडील तेव्हा तरणे होते. दिवस मावळल्यावर गावात दारं कशी लागायची, शेतावर एकट्या बाईला कोणी कसं पाठवायचं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. "माझ्या घरातला माणूस कोण्या मांत्रिकाच्या पुढं बसणार नाही," एवढंच ते म्हणाले आणि उठून गेले. मायचाही दोष नाही. जिवाच्या दुखण्याला तिला दुसरा पत्ता कोणी सांगितलाच नव्हता.

तो पत्ता आशाताईंनी आणला. राज्याच्या आरोग्य विभागानं २०१५ मध्ये मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, शेतकरी समुपदेशनासाठी. आमचा परभणी जिल्हा त्यात आहे. आमच्या आशाताई एरवी लसीकरणाला, गरोदर बायांच्या नोंदीला येतात. त्या दिवशी त्या माझ्या बायकोशी बोलत होत्या आणि बोलता बोलता ओट्यावर माझ्याजवळ येऊन टेकल्या. "दादा, झोप लागायलीय का?" मी नाही म्हणालो. मग भूक, थकवा, कामात जीव लागतो का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. त्यांनी हे सगळं इतकं साधेपणानं विचारलं की मी उत्तरं देत गेलो. कित्येक आठवड्यांत माझ्या तोंडून एवढे शब्द निघाले नव्हते. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी परभणीला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. एस.टी.त बायको शेजारी बसली होती, आणि कोणी ओळखीचं भेटलं तर शुगर तपासायला चाललो म्हणून सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं की फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, मधेच सोडायच्या नाहीत. गोळ्यांनी झोप परत आणली, हे आधीच सांगून टाकतो, कारण गोळ्यांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण मला जास्त सांगायचं आहे ते समुपदेशक मॅडमच्या खोलीबद्दल.

मी तिथं उपदेश ऐकायच्या तयारीनं गेलो होतो. धीर धरा, देवावर भरवसा ठेवा, लेकराकडं पाहा, हे सगळं गावानं सांगून झालं होतं. मॅडमनी यातलं एकही वाक्य उच्चारलं नाही. नऊ प्रश्नांचा एक कागद होता, गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, त्याला शून्य ते तीन असे गुण. नवव्या प्रश्नावर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" घरात कोणी हा शब्द काढला नव्हता, काढला तर मला सुचेल या भीतीनं. खरं तर विचारल्यानं काही सुचत नाही. मला उलट पहिल्यांदा श्वास पुरा आल्यासारखं झालं. मी हो म्हणालो. मग त्यांनी बायकोला आत बोलावलं, मला विचारूनच. फवारणीची औषधं आखाड्यावरून हलवून भावाच्या घरी कुलपात ठेवायची, रात्री मला एकटं सोडायचं नाही, मनात तसं आलं तर कोणाला फोन करायचा त्या तीन माणसांची नावं कागदावर लिहायची, असं सगळं ठरलं. तो कागद माझ्या बंडीच्या खिशात असायचा.

नंतरच्या भेटींत त्यांनी एक आखलेला कागद दिला. आठवड्याचे दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळचे रकाने. काय केलं ते लिहायचं, आणि ते करताना मनाला किती बरं वाटलं त्याला दहापैकी गुण द्यायचे. मला हे पोरखेळ वाटलं आणि तसं मी त्यांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता, मन झालं की उठीन. या आजारात तसं मन होतच नाही. आधी उठून बघू, मन मागून येतं का ते कागदावर दिसेल." पहिलं काम ठरलं बैलांना सकाळी पाणी दाखवायचं, बस. पुढच्या आठवड्यात बांधावरून एक फेरी. मग संध्याकाळी पारावर थोडा वेळ, बोललं नाही तरी चालेल. पाराच्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं. मोंढ्यात भावकीतल्या एकाबरोबर गेलो, त्या दिवशी चार लिहिलेले आहेत. तो आकडा लिहिताना मीच चकित झालो होतो.

या पद्धतीवर आपल्या शेजारीच मोठं काम झालं आहे, ते मला नंतर वाचताना कळलं. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच कृतीवर भर देणारी रीत वापरली, आणि ती वापरणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तीन महिन्यांनी अशा बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीव्र नैराश्यातून बाहेर होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. हे वाचून मला आमच्या आशाताई आठवल्या. बारावी शिकलेली, ओट्यावर टेकून विचारणारी बाई हे काम करू शकते, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे.

सगळ्यात अवघड भाग विचारांचा होता. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी आणली, डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखनातून ती पुष्कळ घरांत पोचली. घटना एक, तिच्याबद्दल आपण धरून ठेवलेली समजूत दुसरी, आणि होणारा त्रास तिसरा. त्रास बराचसा मधल्या समजुतीतून येतो, असं तिचं सूत्र. मॅडमकडून हे ऐकून मी चिडलो. बँकेची नोटीस माझ्या समजुतीतून आली का? दुकानाची उधारी माझ्या डोक्यातली आहे का? गरिबाला 'तुझ्या विचारात गडबड आहे' म्हणून सांगायला ही पद्धत फार सोयीची आहे आणि तशी ती वापरलीही जाते. व्यासपीठांवरून सकारात्मक राहा म्हणून सांगणारी माणसं मला आजही सहन होत नाहीत.

मॅडमनी मला चिडू दिलं. मग म्हणाल्या, "नोटीस खरी आहे. कर्ज खरं आहे. त्याच्यावर वाद नाही. नोटीस आली तेव्हा मनात पहिलं वाक्य कोणतं आलं?" ते वाक्य मला लगेच सापडलं नाही. सापडलं तेव्हा ते असं होतं : आमच्या घराण्यात कोणाचं नाव थकबाकीत नव्हतं, माझं आलं, म्हणजे माझी किंमत संपली.

"तुमच्या गावातल्या किती जणांची नावं थकबाकीत आहेत?"

"अर्ध्या गावाची असतील."

"त्या सगळ्यांची किंमत संपली?"

"नाही, त्यांची अडचण हे."

त्या पुढं काही बोलल्या नाहीत. मलाही बोलायचं उरलं नव्हतं. कर्ज फिटलंच पाहिजे, वेळेवरच फिटलं पाहिजे, नाहीतर मी माणूस नाही, यातला शेवटचा तुकडा मी स्वतःच जोडलेला होता. तो तोडला तरी कर्ज तेवढंच राहिलं. एक रुपया कमी झाला नाही. पण त्या कर्जाकडं पाहता येऊ लागलं. आम्ही वहीत सगळं लिहून काढलं : बँक, सोसायटी, कृषी सेवा केंद्र, पाहुण्यांचे हातउसने. आकडा माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा लहान निघाला, कारण डोक्यात तो दर रात्री वाढत होता.

मग मॅडम बँकेचे साहेब झाल्या आणि मी मी. टेबलापलीकडून त्यांनी खेकसून विचारलं, "हप्ता का भरला नाही?" पहिल्या वेळी माझी मान खाली गेली. पुन्हा केलं. पुन्हा केलं. कर्जाचं नवं-जुनं करायला कोणते कागद लागतात, हप्ते पाडून मागायचे तर काय म्हणायचं, हे मी तिथं तोंडानं म्हणून पाठ केलं. प्रत्यक्ष शाखेत गेलो तेव्हा आवाज कापत होता, पण वाक्यं ओळीनं आली. हप्ते पाडून मिळाले. दुकानदारानं अर्धी उधारी पुढच्या हंगामावर ढकलली. हे सगळ्यांना मिळेल असं मी म्हणत नाही. मागायला जाण्याचं बळ मला त्या खोलीत मिळालं, एवढं म्हणतो.

माझ्या या सगळ्या दिवसांत घर कोणी चालवलं, हे बऱ्याच उशिरा माझ्या ध्यानात आलं. वेचणीच्या बायांना बोलावणं, त्यांची मजुरी, लेकीची फी, मायचं औषध, रात्री माझ्या अंगावर हात ठेवून जागं राहणं. एका भेटीत मॅडमनी तोच नऊ प्रश्नांचा कागद माझ्या बायकोपुढं ठेवला. ती हसून म्हणाली, "मला काय झालंय?" आणि तिसऱ्या प्रश्नाला तिचे डोळे भरून आले. तिचे गुण माझ्या सुरुवातीच्या गुणांपेक्षा फार कमी नव्हते. पुढं काही काळ परभणीला ती पेशंट म्हणून आली आणि मी सोबत. शेतकऱ्याचं नैराश्य म्हटलं की सगळ्यांच्या नजरेसमोर पुरुष येतो. सातबाऱ्यावर नाव नसलेली, कर्जात बरोबरीनं बुडालेली बाई कोणाच्या कागदावर येत नाही.

आज गावात कोणी विचारलं तर मी लपवत नाही, कुठं गेलो होतो ते सांगतो. १४४१६ हा टेली-मानसचा नंबरही देतो. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पण फोनवर सगळं होत नाही. मानवतहून परभणीला जायचं तर रोजानं जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते, तिकीट लागतं, घरी कारण सांगावं लागतं. विदर्भात 'विश्राम' नावाच्या प्रकल्पानं अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावपातळीवर हे काम केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेलं. माणसं यायला तयार असतात, जवळ काही असलं तर. म्हणून ग्रामसभेत मी लेखी मागणी दिली आहे : आठवड्याचा एक दिवस मानवतच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक बसावा, तोही मोंढ्याच्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे बायांना वेगळं कारण सांगावं लागणार नाही. त्या कागदावर पहिली सही माझ्या वडिलांची आहे, दुसरी मायची. तिनं अंगठा न लावता नाव लिहिलं. आणि त्याच कागदात खाली, वेगळ्या मुद्द्यात, कापसाच्या सरकारी खरेदी केंद्राची मागणीही आहे. सरपंच म्हणाले, दोन वेगळे अर्ज करा, विषय वेगळे आहेत. मी नाही केले.