थांबलेला मीटर

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची अडत केलेले अण्णा एका मे महिन्याच्या अखेरीस थोरल्या चिरंजीवांकडे ओहायोला गेले. घराला लागूनच गॅरेज होते आणि त्यात एक बुटकी, लांब नाकाची, लाल गाडी उभी होती. १९८६ सालची पोर्श ९४४. दारे दोन. मागे आसने आहेत म्हणायची, पण त्यांवर लहान मुलेच मावावीत. चिरंजीवांनी ती आदल्या हिवाळ्यात जुन्या बाजारातून घेतली होती. अण्णांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर बोटाने टिचकी मारून पाहिली आणि एवढेच विचारले, "कितीला पडली?" आकडा ऐकून ते काही बोलले नाहीत. अडतीच्या धंद्यात न बोलणे हाही एक भाव असतो, हे चिरंजीवांना लहानपणापासून ठाऊक होते.

पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांना जुन्या गाडीचा नाद लागण्याचे कारण घरात कोणालाच नीट कळले नव्हते. नोकरीत ते संगणकावर काम करीत. तिथे बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि दुरुस्तीही हाताला लागत नाही. या गाडीत मात्र दोन्ही गोष्टी होत्या. ९४४ हे मॉडेल १९८२ पासून १९९१ पर्यंत निघत होते आणि अशा एक लाख साठ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी अशी रचना असल्याने वजन पुढेमागे जवळपास सारखे विभागलेले असते. चार सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनाची थरथर शमवण्यासाठी त्यात दोन संतुलन-दांडे उलटसुलट फिरतात. ती कल्पना मित्सुबिशीची. पोर्शने तिचे परवाना-शुल्क भरले. हे ऐकून अण्णा प्रथमच खुलले. "एवढी मोठी कंपनी, पण दुसऱ्याचा माल चांगला असेल तर पैसे देऊन घेतला. चोरला नाही," असे ते सूनबाईंना दोनदा सांगून आले.

पहिल्याच रविवारी अण्णांना किराणा आणायला त्या गाडीतून नेण्यात आले. दुकान अकरा मैलांवर होते. बसताना गुडघे छातीशी आले, उतरताना सूनबाईंना हात द्यावा लागला. परत आल्यावर चिरंजीवांनी गाडी कशी वाटली असे विचारले, तर अण्णांनी गाडीविषयी काहीच न सांगता समोरच्या तबकडीकडे बोट दाखवले.

"जाताना ८६,४१२ होते. आताही ८६,४१२ च आहे."

चिरंजीव चपापले. वेगाचा काटा व्यवस्थित हलत होता, म्हणून त्यांचे त्याखालच्या आकड्यांकडे कधी लक्ष गेले नव्हते. अण्णांचे आयुष्य मात्र काट्यासमोर गेलेले. "काटा नुसता हलतोय, वजन चढत नाही," ते म्हणाले.

आता या थांबलेल्या आकड्यात काय अडकले होते, ते सांगितले पाहिजे. गाडी विकणाऱ्याने सांगितले होते की, टायमिंग बेल्ट ८०,००० मैलांना नवा घातला आहे. चिरंजीवांनी वजाबाकी केली, सहा हजार चारशे मैल. जाणकार मालक हा बेल्ट तीस हजार मैलांना किंवा चारेक वर्षांनी बदलतात, म्हणजे पुष्कळ अवधी होता. पण मीटरच बंद असेल, तर सहा हजार चारशे कशावरून? दहा हजार असतील, चाळीस हजारही असतील. मीटर ज्या दिवशी थांबला, त्या दिवसापासून पुढचे सगळे मैल बिनखात्याचे होते.

"पावती आहे का?" अण्णांनी विचारले.

पावती नव्हती. माणूस चांगला वाटला, हे उत्तर चिरंजीवांच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले.

हा बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा. खालच्या क्रँकची गती तो वरच्या कॅमला देतो, आणि व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे व केव्हा मिटायचे ते त्यावरून ठरते. काही इंजिनांत पट्टा तुटला तर गाडी नुसती थांबते. या इंजिनात मात्र उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात. त्यांची भेट होत नाही ती केवळ पट्ट्यामुळे. पट्टा तुटला किंवा बरेच दाते घसरला, की व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो खर्च गाडीच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो. पट्टा स्वतः स्वस्त असतो. महाग असते ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी.

एका कारखान्यात विचारले, तर त्यांनी मागितलेली रक्कम गाडीच्या किमतीच्या निम्म्याजवळ गेली. चिरंजीवांनी काम घरी करायचे ठरवले. तेवढ्यापुरती गाडी हलणार नाही, असे अण्णांनी बजावले आणि किल्ली काढून स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवली.

ओहायोत जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दिवस असेतो जेवण उरकण्याचा अण्णांचा नेम त्यामुळे फारच सैल झाला होता आणि गॅरेजात साडेसात-आठपर्यंत काम चाले. गाडी जॅकने उचलून घोड्यांवर घेतली. बॅटरीची तार सोडली. पंखे, पुढचे पट्टे, डिस्ट्रिब्यूटरचे टोपण एकेक करून निघाले. प्रत्येक बोल्ट अण्णा एका जुन्या अंड्यांच्या पुठ्ठ्याऐवजी (तो त्यांनी हाताळलाच नाही) सूनबाईंच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवीत आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवीत. मोडीत लिहावे की बाळबोधीत, एवढाच त्यांना प्रश्न पडला होता. चिरंजीवांना मोडी येत नसल्याने तो लगेच सुटला.

क्रँकचा मोठा बोल्ट हे खरे दिव्य. तो २१० न्यूटन-मीटर ताकदीने आवळलेला असतो आणि त्याला सुटण्याची घाई नसते. इंजिन फिरू नये म्हणून फ्लायव्हीलला अडसर लावला, पान्याला चार फुटी लोखंडी नळी जोडली, आणि चिरंजीवांनी सगळे वजन टाकले तेव्हा तो बंदुकीसारखा आवाज करून सुटला. अण्णा दचकले नाहीत. हळद पॉलिश करण्याच्या ड्रमचे गंजलेले नट त्यांनी असेच सोडवले होते.

आवरण निघाले आणि पट्टा दिसला. कडेचे धागे सुटलेले, पाठीवर भेगा, आणि क्रँकचे पुढचे सील गळत असल्याने खालची बाजू तेलाने माखलेली. तेल आणि रबर यांचे कधीच जमत नाही. अण्णांनी तो हातात घेऊन दुमडला, तर दात्यांच्या मुळाशी फटी उघडल्या. चिरंजीव तो पट्टा हातात घेऊन बराच वेळ बाकावर बसले. आदल्या आठवड्यात धाकट्या लेकीला शेजारी बसवून ते महामार्गावरून सत्तर मैलांच्या वेगाने गेले होते.

पुढचे तीन दिवस सफाई, नवी सीले, नवा पाणीपंप (तोही याच पट्ट्यावर चालतो, म्हणून एकदा उघडले की बदलून टाकावा) आणि नव्या रोलरांत गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी पट्टा चढला. १९८७ पासूनच्या गाड्यांत ताण देण्यासाठी स्प्रिंग आहे. या गाडीत मात्र रोलर फिरवून तो हातानेच द्यावा लागतो. चिरंजीवांनी याच गाडीच्या दुसऱ्या एका मालकाकडून ताण मोजण्याचे यंत्र उसने आणले होते. आकडा बरोबर आला. अण्णांनीही अंगठा आणि तर्जनीने पट्टा पिळून पाहिला आणि मान हलवली. चिरंजीव घामाघूम झाले होते. बॅटरी जोडून एकदा इंजिनाचा आवाज ऐकावा, असे त्यांना फार वाटत होते. त्यांनी किल्ली मागितली.

अण्णांनी खिशावर हात ठेवला. "हरिपूरच्या पेवात माणूस उतरवायच्या आधी काय सोडतात?"

चिरंजीवांना उत्तर द्यावे लागले नाही. कृष्णाकाठच्या त्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके; पण पेव उघडले की आधी तासन् तास वारे घेऊ देत, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडत. कंदील विझला तर आत माणूस जात नसे. लहानपणी ते अण्णांचा हात धरून त्या तोंडाशी उभे राहिले होते. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि अण्णांचा धंदा त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. त्या वर्षी चिरंजीव येऊ शकले नव्हते. त्याविषयी दोघांत कधी बोलणे झाले नव्हते. त्या संध्याकाळीही झाले नाही.

त्यांनी पाना पुन्हा क्रँकच्या बोल्टला लावला आणि इंजिन हाताने, सावकाश, घड्याळाच्या दिशेने फिरवू लागले. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक; दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी यायला हव्यात. अण्णा बॅटरी धरून उभे होते. फ्लायव्हीलची खूण मागच्या खिडकीत बरोबर मध्यावर आली. कॅमची खूण मात्र खाचेपासून एक दाता पुढे होती.

रोलर आवळताना कॅमचे चाक किंचित सरकले असावे. एका दात्याने व्हॉल्व्ह वाकलेच असते असे नाही. पण गाडी अडखळत चालली असती, आणि दोष सापडेपर्यंत चिरंजीवांनी कशाकशाला हात घातला असता, कोणास ठाऊक. पट्टा उतरवला. सूनबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली. सूर्य मावळायला अर्धा तास असताना अण्णा हात धुऊन आत गेले आणि काम सकाळवर राहिले. सकाळी पट्टा पुन्हा चढला, हाताने दोन फेरे झाले, खुणा जुळल्या. अण्णांनी आणखी दोन फेरे करायला लावले. मगच किल्ली मिळाली.

मीटरचे काम त्यामानाने क्षुल्लक निघाले. तबकडीमागे नखाएवढे प्लॅस्टिकचे दातेरी चाक असते. जुन्या गाड्यांत ते ठिसूळ होऊन त्याचे दाते गळतात. गाडी चालू असताना फेरीचा मीटर शून्यावर आणण्याची सवय असेल तर ते लवकरच मोडते. नवे चाक काही डॉलरांत आले. ते चिमट्याने बसवण्याचे काम चिरंजीवांचे, आणि भिंगातून पाहून "वाकडं बसलंय" म्हणण्याचे अण्णांचे. त्या दिवशी अण्णांनी एक जुनी वही मागून घेतली. पहिल्या पानावर तारीख, मीटरचा आकडा, पट्टा, पंप, सील, रोलर अशा नोंदी, आणि पावत्या मागच्या पानाला टाचून. वर लाल शाईने एक वाक्य होते: "मागील शिल्लक माहीत नाही."

नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो. पंधराशे ते दोन हजार मैलांनंतर ताण पुन्हा तपासावा लागतो. अण्णा ऑक्टोबरात सांगलीला परतले तेव्हा वहीत नऊशे साठ मैल जमा होते. पुढे दर रविवारी रात्री सांगलीहून फोन येई. प्रकृती, हवापाणी, हळदीचा भाव झाला की अण्णा आकडा विचारीत आणि चिरंजीव गॅरेजात जाऊन वाचून सांगत. थंडी पडली, रस्त्यांवर मीठ पसरले गेले, गाडी आठवडेच्या आठवडे जागची हलेना. तरी फोनवर प्रश्न तोच, आणि उत्तरही कित्येक रविवार तेच. मार्चच्या शेवटी आकडा ८७,९३१ झाला.

"मग? ताण बघितलास?"

"शनिवारी उघडतो, अण्णा."

"आधी हाताने फिरव," अण्णा म्हणाले.