एकं, दहं, शतं आणि ओहम

आमच्या प्रयोगशाळेतील जुनी रोधपेटी कपाटातच असते. खानापूरचा पाऊस पितळेला मानवत नाही. खुंट्यांवर हिरवा थर चढतो, खुंटी सैल बसते आणि रोध भलताच येतो. यंदा नवी पेटी दहावीच्या मुलामुलींकडूनच बनवून घ्यावी, असे आम्ही ठरविले. "विकतच्यासारखी होईल का?" असे विश्वस्तांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

रचना पहिलीतल्या मुलालाही कळावी अशी. एकं, दहं, शतं, हजार यांसाठी एकेक फिरते बटण. प्रत्येक बटणामागे सारखेच नऊ रोधक ओळीने जोडलेले, पहिल्यात १ ओहमचे, मग १०, १०० आणि १००० चे. बटण ७ वर नेले की सात रोधक वाटेत येतात. २४७० हवे तर हजार २, शतक ४, दशक ७. छत्तीस रोधकांत ० ते ९९९९! (हिंदी माध्यमात आम्ही 'प्रतिरोध' शिकलो. मराठीत आणि कन्नडमध्ये मात्र 'रोध'च. सीमाभागात एवढे एकमत विरळाच.)

सामान बेळगावहून आणले, सोल्डरिंग मुलांनी केले. तपासताना मात्र सगळी बटणे शून्यावर असूनही मीटर शून्य दाखवेना. पेटी बिघडली म्हणून चेहरे पडले. पण तारांना आणि बटणांच्या स्पर्शबिंदूंनाही थोडा रोध असतो. तो आधी मोजून वजा करायचा.

मग एका मुलीने विचारले, "सर, रोधक १ टक्का इकडेतिकडे असतात. ९००० मध्ये ९० ओहमचा फरक पडला, तर एककाचे बटण फिरवून काय उपयोग?" खरेच, तेव्हा काही उपयोग नाही. विश्वस्तांनाही आम्ही तेच कळविले: महागड्या पेटीइतकी ही अचूक नाही, पण किती अचूक आहे हे मुलांना ठाऊक आहे.

ज्यांच्या नावाचे हे एकक, ते गेओर्ग ओहम कुलपे बनविणाऱ्याचे चिरंजीव. जर्मनीतील कोलोनच्या शाळेत शिकविताना त्यांनी प्रयोग केले आणि १८२७ साली नियम पुस्तकात मांडला.

आता पेटीवर मुलांनी चिठ्ठी चिकटविली आहे: '१ टक्का. पाव वॅट. हजारच्या बटणावर १५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त नको, रोधक जळेल.' पालकहो, सभेला याल तेव्हा बटणे जरूर फिरवून पाहा. चिठ्ठी आधी वाचावी लागेल. मुले त्याशिवाय हात लावू देत नाहीत.