प्रेमात पडण्याआधीची माणसं

फ्रँकफुर्टच्या आसपास राहणाऱ्या आम्ही काही मराठी मैत्रिणी अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतो आणि आपलं लिखाण एकमेकींना वाचून दाखवतो. दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस जवळ आले की या बैठकांना रंग चढतो. अशाच एका बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात तरुण मैत्रिणीने प्रेमकथा आणली. नायिका आखनला शिकणारी, नायक श्टुटगार्टला इंजिनियर; गणेशोत्सवात ओळख, ऱ्हाइनच्या काठाने फेरफटके, मग दुरावा. भाषा गोड होती, प्रसंगही नीट बांधलेले होते. नायकाच्या रूपावर तर अर्धं पान खर्ची पडलं होतं, तरी तो काही केल्या डोळ्यांपुढे उभा राहीना.

“हा संध्याकाळी सात वाजता काय करतो गं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“ती आखनला असते ना? मग हा एकटा असतो तेव्हा काय करतो?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ताई, तो तिचा आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.”

प्रेमकथा लिहिणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते, असं माझं मत आहे. दोन माणसं एकमेकांसाठीच घडवली, की ती एकमेकांपलीकडे कुठेच नसतात, आणि मग वाचकाला त्यांच्या मीलनाचं किंवा ताटातुटीचं काही वाटत नाही. हे नुसतं सांगून पटलं नसतं. म्हणून एका शनिवारी मी तिला वेट्झलारला घेऊन गेले.

लान नदीकाठचं हे छोटं गाव. १७७२च्या मे महिन्यात जर्मन लेखक गटे इथल्या साम्राज्य न्यायालयात उमेदवारी करायला आला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ९ जूनला जवळच्या फोल्पर्ट्सहाउझन गावातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्याची शार्लोटे बुफशी ओळख झाली. ती एकोणीस वर्षांची, योहान ख्रिस्टियान केस्टनरशी लग्न ठरलेली. आदल्याच वर्षी आई गेल्यामुळे धाकट्या भावंडांचं सगळं तिच्यावर आलेलं. गटे सप्टेंबरमध्ये निरोपही न घेता गाव सोडून गेला आणि १७७४मध्ये त्याची ‘तरुण व्हेर्टरची दुःखं’ ही कादंबरी आली. तिने युरोपभर वेड लावलं. व्हेर्टरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून तरुण हिंडू लागले.

बुफ कुटुंबाचं ते घर आज संग्रहालय आहे. आत जुनं लाकडी सामान आणि कादंबरीच्या जुन्या आवृत्त्या व भाषांतरं. खोल्या लहान, छत फार उंच नाही. इतक्या मुलांचा गलका या भिंतींत कसा मावत असेल, असं वाटतं. कादंबरीत व्हेर्टर लोटेला, म्हणजे शार्लोटेवरून बेतलेल्या नायिकेला, प्रथम पाहतो तो प्रसंग मी मैत्रिणीला तिथेच उभ्या उभ्या सांगितला. लोटे नाचाला निघाली आहे, पांढरा झगा घालून तयार आहे. पण भोवती दोन ते अकरा वर्षांची सहा भावंडं आहेत. तिच्या हातात काळा पाव आहे आणि ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे, भुकेप्रमाणे ती त्याला पाव कापून देते आहे. दारात कोण येऊन उभं राहिलंय याचा तिला पत्ताही नाही.

“ती त्याच्यासाठी काहीच करत नाहीये,” मैत्रीण म्हणाली.

तिथेच तर सगळं आहे! कुणाला किती भूक आहे हे जिला न विचारता कळतं, ती मुलगी वाचकाला त्या एका परिच्छेदात कायमची ओळखीची होते. ती दिसायला कशी आहे, हा प्रश्न मागे पडतो. त्या रूपाचीही गंमत आहे. खऱ्या शार्लोटेचे डोळे निळे होते आणि कादंबरीतल्या लोटेचे काळे आहेत. ते काळे डोळे माक्सिमिलियाने फॉन ला रोश या दुसऱ्या तरुणीचे. तिचं १७७४च्या आरंभी फ्रँकफुर्टच्या ब्रेंटानो या व्यापाऱ्याशी लग्न झालं आणि गटेचं त्या घरी जाणंयेणं नवऱ्याला खपेना. व्हेर्टरही एका माणसाचा नाही. निम्मा गटे स्वतः, उरलेला कार्ल विल्हेल्म येरुझालेम. हा तरुण अधिकारी विवाहित स्त्रीच्या प्रेमात होता. बड्या लोकांच्या बैठकीत त्याचा अपमान झाला होता, वरिष्ठांशीही त्याचं पटत नव्हतं. ऑक्टोबर १७७२मध्ये त्याने वेट्झलारमध्येच आत्महत्या केली, तीही केस्टनरकडूनच प्रवासाच्या नावाखाली मागून आणलेल्या पिस्तुलांनी. गटेने तो अपमानही कादंबरीत घेतला. मला तो फार मोलाचा वाटतो. नोकरीत खचलेला माणूस प्रेमात जास्त हट्टाने बुडतो, हे आपण आपल्या ओळखीपाळखीत पाहतोच.

मात्र मैत्रिणीला मला दाखवायचा होता तो तिसरा माणूस. लोटेचा वाग्दत्त वर आल्बर्ट ज्याच्यावरून बेतला, तो केस्टनर कादंबरी वाचून दुखावला. आल्बर्ट इतका रुक्ष, इतका सामान्य रंगवल्याचं त्याला लागलं. पुढे १७८७च्या सुधारित आवृत्तीत गटेने आल्बर्टच्या बाजूने बरीच दुरुस्ती केली, त्याला अधिक समजूतदार केलं. त्याने कथेचं दुःख कमी झालं नाही, उलट वाढलं. वाईट माणसाला सोडून जाणं सोपं असतं. चांगल्या माणसापुढे लोटेची जी कोंडी होते, ती खरी कोंडी.

माणसांना प्रेमापलीकडचं आयुष्य देण्याचं हे काम मराठीत मालतीबाई बेडेकरांनी केलं आहे. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधल्या शिकलेल्या, मिळवत्या मुलींना प्रेम हवं आहे, पण त्यांच्या मागे घर आहे, लोक काय म्हणतील याचा धाक आहे, वाढतं वय आहे. म्हणून त्या अजून जवळच्या वाटतात.

परतीच्या गाडीत आम्ही मैत्रिणीची नायिका नव्याने मांडली. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवसच नोकरी करता येते, तेव्हा ही मुलगी प्रत्येक दिवस मोजून खर्च करणार. ती रात्री दहापर्यंत सुपरमार्केटमध्ये फळ्या भरते. तिचा महिन्याचा पास जलद गाड्यांना चालत नाही. साध्या गाड्या बदलत श्टुटगार्टला पोहोचेपर्यंत शनिवारचा बराचसा भाग संपतो. म्हणजे त्याला भेटायचं तर एका दिवसाची मजुरी बुडणार. हिंगाच्या वासावरून सोबत राहणाऱ्या इतर मुली कुरकुरतात, म्हणून हिंगाची डबी तिने एकात एक अशा तीन डब्यांत ठेवली आहे. आणि तो? उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे पुण्यात रात्री दहा वाजता, तो आईला फोन लावतो. बाबांच्या औषधांची यादी तिला एकेक करून वाचायला लावतो. हिवाळ्यात घड्याळं मागे गेली की तोच फोन साडेपाचला, ऑफिसातूनच करावा लागतो. सात वाजता काय करतो, याचं उत्तर आता मिळालं होतं: औषधांच्या नव्या किमतींची बेरीज.

“आणि नाशिकचं ते स्थळ?” मी विचारलं. तिच्या कथेत घरच्यांनी पाहिलेला मुलगा पैशांच्या बाता मारणारा होता.

ती खिडकीबाहेर पाहत बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तो तिला विचारेल, रात्री दहाला काम सुटल्यावर घरी एकटीच जातेस का? हे त्या इंजिनियरने कधी विचारलेलंच नाही.”

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या एका वाक्याने तिघंही जिवंत झाली होती.

यंदा दिवाळी अंकासाठी प्रेमकथा लिहायला बसला असाल, तर पहिल्या भेटीचा प्रसंग आत्ताच लिहू नका. आधी दोघांचा भेटीविनाचा एकेक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा. आणि तिसऱ्या माणसाला एक तरी गोष्ट अशी द्या, जी तुमच्या नायकाला सुचलेली नाही.