इंजिनाचे नाक आणि माझी अद्दल

कोणत्या रानाला कोणते खत, किती आणि केव्हा, हे सांगण्यात माझी सारी नोकरी गेली. पण एकदा मी ज्यातले नीट तपासलेले नव्हते ते छातीठोक सांगून बसलो आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली. ती हकीकत आज सांगतो.

२००४ साली माझी नेमणूक पारनेर तालुक्यात होती. फिरती रोजची, म्हणून कार्ब्युरेटरची एक जुनी पेट्रोल मोटार विकत घेतली. पगार बेताचा आणि पेट्रोलचा खर्च मोठा. ओळखीचा एक फिटर म्हणाला, "साहेब, इंजिनाचा श्वास कोंडतोय. हा हवेचा डबा आणि त्यातली जाळी काढून टाकू. रुंद नळी थेट पुढे काढून देतो. मोकळी हवा मिळाली की ॲव्हरेज वाढलंच म्हणून समजा."

मला पटले. नळी बसली. पहिल्याच टाकीला लिटरमागे दोन किलोमीटर जास्त निघाले. मी खूश झालो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो.

जवळच्या गावी एक शेतकरी होते. आपण त्यांना तात्या म्हणू. ट्रॅक्टर बँकेच्या कर्जाचा. घरचे रान करून ते दुसऱ्यांची कामे भाड्याने करीत आणि त्यातून हप्ता भरीत.

"भाऊसाहेब, आमच्या ट्रॅक्टरला चालंल का ही नळी?" तात्यांनी विचारले.

"का नाही चालणार? हवा ती हवाच!" मी क्षणभरही न थांबता म्हणालो.

तात्यांनी ट्रॅक्टरचा तेलाचा एअर क्लीनर काढून ठेवला आणि नळी बसवली. पुढचा सारा उन्हाळा ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जुंपलेला होता. ते काम करताना किती धुरळा उडतो, हे तुम्हाला सांगायला नको. मे अखेर धूर निळा पडू लागला आणि रोज ऑइल कमी व्हायला लागले. मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, मुगाची पेरणी तोंडावर आली आणि ट्रॅक्टर सुरू होईना. इंजिन उघडले तर लायनर, पिस्टन, रिंगा सगळे घासून गेलेले. भाड्याची कामे हातची गेली, तात्यांचा स्वतःचा मूगही उशिरा पेरला गेला आणि बँकेचा हप्ता थकला.

मी भेटायला गेलो. तात्या एका शब्दाने बोलले नाहीत. चहा देताना फक्त म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची गाडी बरी चालतीय ना?"

ती बरी चालत नव्हती. तीही ऑइल खाऊ लागली होती. त्या रात्री मी कॉलेजातले शेती-अवजारांचे जुने पुस्तक काढले. जे मी परीक्षेत लिहिले होते तेच विसरलो होतो.

एक लिटर डिझेल नीट जळायला कमीत कमी बारा किलो, म्हणजे सुमारे १०,००० लिटर हवा लागते. एवढी हवा आत जाते तिच्याबरोबर धूळही जाते. ती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश कागदासारखी पिस्टन आणि लायनर घासत राहते. एअर क्लीनर म्हणजे इंजिनाचे नाक. मी ते कापायला सांगितले होते.

मग जास्त हवेने बचत होते की नाही? डिझेल इंजिनात डिझेल किती सोडायचे ते पंप आणि गव्हर्नर ठरवतात, आणि हवा मुळातच गरजेहून जास्त जाते. आणखी हवा दिल्याने डिझेल वाचत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या ओढीनेच पेट्रोल ओढले जाते. हवा फारच वाढून मिश्रण पातळ झाले, तर इंजिन तापते. आजच्या गाड्यांत तर संगणकच हवेच्या मापाने पेट्रोल सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम कोंदलेले फिल्टर लावून अशा गाड्या तपासल्या. पेट्रोलच्या खर्चात फरक पडला नाही. गाडीचा उठाव मात्र कमी झाला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत स्वच्छ फिल्टरने थोडी बचत होते. म्हणजे फिटरचे अर्धे बोलणे खरे होते: इंजिनाचा श्वास कोंडू नये. पण त्यावर उपाय नाक साफ करण्याचा, कापण्याचा नव्हे.

मग माझे दोन किलोमीटर कुठून आले? वहीत नोंद ठेवायची म्हणून मी त्या टाकीला गाडी हळू, एका लयीत चालवली होती. बचत पायाने केली आणि श्रेय नळीला मिळाले! वाहनांची शास्त्रीय चाचणी घेणारी मोठी संस्था आपल्याच नगरजवळ आहे. चाचणी खरी ठरायची तर रस्ता, वेग आणि ओझे सारखे ठेवावे लागते, एवढे तरी मला कळायला हवे होते. दोन वाणांची तुलना करताना एकाला जास्त पाणी दिले, तर आपण ती मानू का?

म्हणून शेतकरी बंधूंनो, एवढे करा. तेलाचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या कामात रोज, इंजिन बंद करून, वाटीतले तेल पाहा. खाली गाळ साचला की ते बदला. तेल खुणेइतकेच भरा. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते. जाळी डिझेलने धुवा. कागदी फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे झटकून साफ करा आणि वेळेवर बदला. नळीला चीर नाही ना, क्लिपा घट्ट आहेत ना, हेही बघा. काळा धूर दिसला तर आधी हवेची वाट तपासा. बचत हवीच असेल तर टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, कामाजोगा गिअर वापरा, आणि बांधावर बोलत उभे राहताना इंजिन बंद करा.

ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च मी दिला. तात्या घेत नव्हते, मी आग्रहाने दिला. पण चुकलेला वापसा कसा भरून देणार?

आज तात्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो आणि सकाळी आधी तेलाची वाटी उघडतो. मी नवीन काही सांगू लागलो की तात्या हसून विचारतात, "भाऊसाहेब, मोजून पाह्यलंय का?" मोजलेले नसेल, तर मी गप्प बसतो.