वीतभर अंतर

आमच्या घराण्यात यंत्राला हात लावायची परंपरा नाही. सायकलची चेन पडली की वडील सायकल हातात धरून घरी चालत येत. मी स्वतः आयुष्यात एकच यंत्र दुरुस्त केलं, ते म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. आणि तेही मीच सेल उलटा बसवला होता म्हणून. अशा कुळात जन्मलेल्या चिरंजीवांनी जुनी डिझेल जीप विकत घ्यावी, तीही चारही चाकांना जोर असलेली, डोंगरात नि चिखलात घालायची! माणसं चिखल टाळायला गाडी घेतात. हा चिखल शोधायला जातो.

जीप पचते न पचते तोच त्याने दुसरी बातमी दिली. "बाबा, दोन गल्ल्या सोडून खोली बघितलीय. पुढच्या महिन्यात तिकडे राहायला जातो." का, विचारलं तर म्हणाला, "काही नाही, सहज." सहज कसलं! वर्षभर आमचा प्रत्येक संवाद हिच्या "हळू बोला, शेजारी ऐकतात" या वाक्यावर संपत होता. तरी मला ते लागलं. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही आणि तो माझ्याशी. घरात इतकी शांतता, की शेजारच्या काकू "सगळं बरं आहे ना?" म्हणून विचारून गेल्या.

ही शांतता मोडली जीपने. कात्रजच्या चढावर तिचं अवसानच गळायचं. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, साहेबाने हाक मारल्यावर कारकून उठतो तशी ती उठायची, आणि समोर पिवळा दिवा लागायचा. एका गॅरेजवाल्याने टर्बो बदलायचा जो आकडा सांगितला, त्यात आमच्या काळी दोन लग्नं झाली असती. रविवारी सकाळी चिरंजीव बॉनेट उघडून आत वाकलेले दिसले. तिथूनच आवाज आला, "बाबा, जरा बॅटरी धरता?" मला वाटलं, गाडीचीच. कंबर सांभाळत गेलो तर टॉर्च निघाला. आयुष्यभर 'इकडे धर, उजेड हलवू नकोस' असं मी त्याला सांगितलं; आता तो मला सांगत होता.

दुखणं टर्बोचं नव्हतंच. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा काडेपेटीएवढा एक सेन्सर असतो. तो दाब सांगतो, त्यावर गाडीतला कॉम्प्युटर डिझेल किती द्यायचं ते ठरवतो. पण याला बसवलेलं असतं थेट हवेच्या नळकांड्यावर. तिथे एकीकडून परत फिरवलेल्या धुराची काजळी येते, दुसरीकडून इंजिनातल्या तेलाची वाफ. दोन्हींचा मिळून काळा चिकट लेप होतो आणि सेन्सरचं भोक बुजतं. मग तो भलतंच सांगतो, कॉम्प्युटर घाबरून डिझेल तोडतो, आणि गाडी कात्रजला मान टाकते.

मी उत्साहाने उदबत्तीची काडी आणली. "टोकरायचं नाही! आत नाजूक पडदा असतो." त्याने फवारा मारून सेन्सर धुतला, वाळवला, पण परत जागेवर लावला नाही. जुन्या जागी एक पितळी नळी बसवली, तिला दीड वीत जाड रबरी पाइप लावला आणि सेन्सर वर, इंजिनामागच्या पत्र्यावर बसवला, तोंड खाली करून. म्हणजे तेल चढलंच तर ओघळून परत जाईल.

"अरे, पण इतक्या लांबून त्याला कळणार कसं?"

"दाब पाइपभर सारखाच असतो, बाबा. काजळी मात्र तिथवर पोचत नाही." मग म्हणाला, बरं झालं हा तीन तारांचा आहे. चार तारांचा बहुधा हवेचं तापमानही मोजतो; त्याला हलवला असता तर पाइपातली कोंडलेली हवा मोजून खोटं बोलत बसला असता.

इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. मोबाइलवर आकडा उमटला : ९५ किलोपास्कल. म्हणजे पुण्याच्या हवेचा दाब. खात्री करायला सिंहगडावर निघालो. घाटात जीप अशी उठली की माझी टोपी मागच्या सीटवर गेली. वर वाहनतळावर आकडा ८८. उंचावर हवा विरळ. सेन्सर खरं बोलत होता.

डब्यातली भाकरी खाताना मी त्याला त्या पास्कलची गोष्ट सांगितली. उंचावर हवेचा दाब कमी होतो का, हे पास्कलला बघायचं होतं. पण स्वतः नाही चढला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या पुई द दोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन मेहुण्याला चढवलं. वर पारा तीन इंचांहून जास्त उतरला. कष्ट मेहुण्याचे, नाव पास्कलचं! चिरंजीव हसले. वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या विनोदाला.

उतरताना मी विचारलं, "खोलीला खिडक्या आहेत का रे?"

"दोन आहेत. बघायला येता?"

आता तो तिकडे राहतो. रोज फोन करतो, रविवारी जेवायला येतो, आणि आमचं भांडण होतं तेव्हा ते ज्या विषयावर सुरू झालं त्याच विषयावर संपतं. हिला मी पाइपाचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ते कळलं. पण त्याची खोली रिकामी झाली म्हणून तुम्ही त्यात रद्दी भरू नका. भोक बुजतं."