दाबून प्राणवायू

लग्नाच्या पंगतीत दाबून जेवणारी माणसं आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांच्या शेजारी आपलं पान पडलं की वाढपी आपल्याकडे वळतच नाही, हाही अनुभव सार्वत्रिक आहे. पण प्राणवायूसुद्धा असा दाबून घेता येतो, आणि तो घेतला की उतारवयात विसरलेलं आठवू लागतं, ही बातमी आमच्या घरात पुतण्यानं आणली. पुतण्या संगणकातला. त्यामुळे त्यानं बातमी आणली की सोबत छापील पत्रिकाही येते.

विद्या तशी सरळ आहे. माणसाला एका भक्कम नळकांड्यात आडवं करायचं, दार लावायचं आणि आतला दाब दुप्पट करायचा. म्हणजे दहा मीटर पाण्याखाली गेल्यासारखंच. फक्त पोहता यावं लागत नाही. एरवी आपल्या हवेत प्राणवायू २१ टक्के. इथं शुद्ध प्राणवायू. आता रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे सकाळची विरार लोकल. निरोगी माणसात त्या आधीच ९७ टक्के भरलेल्या. जादा उतारूंना जागा कुठली? पण दाब वाढला की हा प्राणवायू सोडावॉटरमधल्या वायूसारखा थेट रक्तद्रवात विरघळतो. १९६० साली अॅमस्टरडॅमच्या बूरेमा नावाच्या सर्जननं डुकरांच्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या आणि तिप्पट दाबाच्या खोलीत ती डुकरं नुसत्या विरघळलेल्या प्राणवायूवर जगवून दाखवली.

आणि मेंदू हा तर पंगतीतला खवय्या! वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू खातो वीस टक्के. म्हणजे शंभरांच्या पंगतीत दोघांनी वीस पानं फस्त करावीत. त्याला थोडं जास्त वाढलं तर बिचारा खूश होईल, असं कुणालाही वाटणारच.

तसं ते १९६९ साली अमेरिकेत बफेलो गावी वाटलं. तेरा वृद्धांना असा प्राणवायू दिला, त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचं मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि जगातल्या म्हाताऱ्यांना पालवी फुटली. पुढे १९७८ साली जास्त माणसांवर, जास्त काटेकोर परीक्षा झाली. प्राणवायू घेतलेले आणि साधी हवा घेतलेले यांच्यात काही फरक सापडेना. पालवी गळाली. पाणबुड्यांचा दाबविकार, कोळशाच्या धुराची विषबाधा, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम या खात्यांत नळकांड्याची नोकरी कायम आहे. स्मरणशक्तीच्या खात्यात मात्र ते अजून उमेदवारीच करतं आहे.

पुतण्याच्या पत्रिकेत १९७८ नव्हतं. २०२० होतं. त्या साली इस्राएलमध्ये चौसष्टी ओलांडलेल्या ६३ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना तीन महिन्यांत साठ वेळा, दर खेपेला दीड तास, दुप्पट दाबाखाली प्राणवायू दिला. त्यांचं लक्ष आणि विचारांचा वेग सुधारला. पण ही मंडळी धडधाकट होती. आमचे अण्णा तसे नाहीत.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. एस.टी.त कंट्रोलर होते. सबंध जिल्ह्याचं वेळापत्रक तोंडपाठ. हल्ली हात धुऊन उठतात आणि वहिनींना विचारतात, "आपलं जेवण व्हायचंय ना?"

पुतण्यानं त्यांना नळकांड्याचं चित्र दाखवलं. अण्णांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"खिडकी आहे का?"

"आहे ना, अण्णा."

"मग ठीक. गाडी जाते कुठं?"

"गाडी नाही हो ती. तिथंच पडून राहायचं."

"दीड तास? मग माणसं बसवता कशाला?"

आमच्या डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं. कान दुखतात, नजर काही काळ अधू होते, क्वचित झटका येतो. आगीच्या भीतीनं आत काड्यापेटी नाही, डोक्याला तेल नाही. "तेल नाही?" वहिनी म्हणाल्या, आणि मग एकदम हळू आवाजात, "पण पहिल्यासारखे होतील का हो?" डॉक्टर प्रामाणिक निघाले. म्हणाले, "तसं मला म्हणता यायचं नाही." खर्चाचा आकडा पुतण्यानं सांगितला तेव्हा तर माझ्याच मेंदूतला प्राणवायू कमी पडला.

मी मात्र त्या इस्राएलच्या प्रयोगातल्या उरलेल्या निम्म्यांचा विचार करत बसलो. त्यांना काहीच दिलं नव्हतं. खोटंखोटं नळकांडंसुद्धा नाही. मग गुण कुणाचा? प्राणवायूचा, की आठवड्यातून पाच दिवस धुतलेले कपडे घालून बाहेर पडण्याचा, आणि कुणीतरी "काल झोप लागली का?" म्हणून विचारण्याचा? त्या एका प्रयोगाच्या आकड्यांतून एवढं निवडून काढता येत नाही. उद्या कुणी काढलं आणि प्राणवायूच जिंकला, तर मी स्वतः अण्णांचं तिकीट काढीन.

तोवर मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. दीड तास बसतो. याला उपचार म्हणण्याइतका मी भाबडा नाही. दाब म्हणाल तर फक्त वहिनींच्या पोह्यांचा. अण्णा कधी मला ओळखतात, कधी चौकशीला आलेला उतारू समजतात. परवा उतारूच होतो. विचारलं, "साहेब, मुक्कामाची गाडी किती वाजता?"

"नऊ पस्तीस," अण्णा ताडकन म्हणाले. "फलाट तीन. आधी येऊन बसा, गर्दी असते."

ती गाडी बंद होऊन वीस वर्षं झाली. पण वेळ बरोबर होती.