चार बाजू

एका इंग्लिश रॉक बँडच्या अल्बमबद्दल लिहायला बसलोय हे कळल्यावर सौ. म्हणाली, "तुम्ही? आणि रॉक?" तिचंही चूक नाही. आमच्याकडे भीमसेनजी आणि नाट्यसंगीत, त्यापलीकडे कान कधी गेलेच नाहीत. पण हा विषय तीस वर्षं मनात अडकून बसलाय, तेव्हा लिहून टाकतो.

१९९४ साल असावं. मुलगा अकरावीत होता. मित्राकडून त्याने दोन कॅसेट भरून आणल्या होत्या. बँडचं नाव 'येस', अल्बमचं नाव 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. तो म्हणाला, "बाबा, हे ऐका. तुमच्या विषयातलं आहे. यात श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र आहे!" मी जेमतेम पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणालो, "आम्हाला श्रुती-स्मृती शिकवायला आता विलायतेहून गिटारवाले येणार का?" त्याने मुकाट्याने टेप बंद केला. त्यानंतर त्याने मला कधीही काही ऐकवलं नाही.

या हिवाळ्यात गुडघेदुखीने घरात अडकलो, तेव्हा या अल्बमबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मुलगा खोटं बोलत नव्हता. १९७३ साली जपानच्या दौऱ्यावर गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं, मराठीत आपण ज्याला 'योगी कथामृत' म्हणतो ते. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्या तळटीपेवरून त्याने आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊने चार रचनांचा आराखडा केला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला सुमारे वीस मिनिटांची एकच रचना. तळटीप वाचायचाही कंटाळा करणारे विद्यार्थी मी जन्मभर पाहिले; इथे एका तळटीपेवर ऐंशी मिनिटांचं संगीत उभं राहिलं होतं!

अल्बम ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७३ मध्ये आला. तिथे पहिल्या क्रमांकावर पोचला, अमेरिकेत सहाव्या. समीक्षकांपैकी काहींनी कौतुक केलं, पण बऱ्याच जणांनी झोडपलं. फार लांबलं, फुगवलंय, असा एकूण सूर. पुढे पंक संगीताची लाट आली, तेव्हा रॉकच्या अतिरेकाचा नमुना म्हणून याच अल्बमकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. गंमत म्हणजे बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमनही टीकाकारांच्याच बाजूचा. त्याचं म्हणणं, मजकूर एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होता, म्हणून भर घालावी लागली. मँचेस्टरच्या कार्यक्रमात तर तो रंगमंचावर चक्क करी खात बसला. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला.

चाहत्यांनी मात्र हा अल्बम सोडला नाही. ब्रिटनच्या दौऱ्यात बँडने तो बाजारात येण्याआधीच लोकांसमोर अख्खा वाजवला. तेव्हा एकदा ऐकून गोंधळलेले लोक घरी तबकडी आणून पुन्हा पुन्हा ऐकत राहिले असणार. २०१६ च्या दौऱ्यात बँडने पहिली आणि चौथी बाजू पूर्ण वाजवली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनीही ती ऐकायला लोक येत होते.

मी रोज संध्याकाळी एक, अशा चार संध्याकाळी चार बाजू ऐकल्या. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. दुसरी बाजू मला आजही लांबलेलीच वाटते. वेकमनशी मी सहमत आहे. तिसऱ्या बाजूला बराच वेळ नुसता गोंगाट वाटला आणि मग शेवटाकडे एकट्या गिटारची इतकी नितळ धून आली, की हातातला चहा निवला. यातली श्रुती-स्मृती शास्त्रीला पटणारी नाही. पण चेष्टाही नाही. मुलांनी जीव ओतून, आवाक्याबाहेरचा विषय घेऊन लिहिलेल्या निबंधासारखं आहे ते.

असे निबंध मी किती तपासले असतील! विषय सोडला, लांबलं, शुद्धलेखन पाहा, असे शेरे मारले. ते शेरे खोटे नव्हते. पण पहिलं पान वाचून मारलेला खरा शेरासुद्धा अन्यायच असतो, हे तेव्हा कोण सांगणार? एक जण सांगायला आला होता, त्याला मी आवाज कमी करायला लावला.

चौथ्या रात्री मुलाला फोन केला. म्हटलं, "तो तुझा चार बाजूंचा अल्बम ऐकला. दुसरी बाजू फार लांबलीय रे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "बाबा, ते सगळेच म्हणतात. तिसरी ऐकलीत का?"

पाऊण तास बोलत होतो. सौ. दोनदा जेवायला बोलावून गेली.